पाऊल आत वळतं तेव्हा

डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंगाला पीळ पडण्याचा आजार. त्यातला डीवायटी-१ हा आनुवंशिक प्रकार बहुतेकदा पावलातून सुरू होतो. नऊ-दहा वर्षांचं मूल चालताना एक पाऊल आत वळवतं, टाच टेकवत नाही, चपलेची एकच कड झिजते. तेच मूल उलटं चालायला लावलं, तर कित्येकदा सरळ पावलं टाकतं. झोपेत तर पीळ पुरता सुटतो. इथेच घोळ होतो. घरचे म्हणतात, मुद्दाम करतोय. एमआरआय नॉर्मल आला, की डॉक्टरही कधी कधी ‘मानसिक आहे’ म्हणून मोकळे होतात. पण या आजारात एमआरआय नॉर्मलच येतो! मूल नाटक करत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

दोष टॉर-१-ए या जनुकात असतो. त्यातली जीएजी ही डीएनएची तीन अक्षरं गळालेली असतात. हे १९९७ साली उलगडलं. आई किंवा वडिलांकडून तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, पण उतरलेल्यांपैकी साधारण ३० टक्क्यांनाच आजार होतो. म्हणून ‘आमच्यात कुणालाच नाही’ यावर विसंबू नका.

पायातला पीळ पुढे दुसऱ्या पायात, कंबरेत, हातांत चढतो, आणि हे पसरणं बहुधा पहिल्या ५ वर्षांत होतं. वय जितकं कोवळं तितका धोका जास्त. लिहिताना मनगट वळण्यापासून सुरुवात झाली, तर तो हातापुरता राहण्याची आशा अधिक. बुद्धीला मात्र धक्का लागत नाही. शाळा बंद करू नका. परीक्षेला लेखनिक मागा.

उपचारांत पहिला मान लेव्होडोपाचा, म्हणजे मेंदूत डोपामिन बनायला मदत करणाऱ्या औषधाचा. कारण जीसीएच-१ जनुकाचा डिस्टोनिया हुबेहूब असाच दिसतो, फक्त संध्याकाळी वाढतो, झोपून उठल्यावर उतरतो, आणि या औषधाच्या थोड्याशा मात्रेने मूल वर्षानुवर्षं नीट चालतं. हे निदान हुकणं मला सर्वांत जास्त सलतं. गोळीत कार्बिडोपा हे जोडीचं औषध हवंच, नाहीतर उलट्या होतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. निदान महिनाभर, मात्रा हळूहळू वाढवत बघायचं. सोबत विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आजारही तपासून घ्या: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राखाली डोळे. तोही औषधाने आटोक्यात येतो.

लेव्होडोपा चाललं नाही, तर ट्रायहेक्सिफेनिडिल हे पीळ सैल करणारं औषध. १ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वाढवायचं. मुलांना मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त मात्रा सोसते, पण घाई केली की तोंड कोरडं पडतं, अक्षरं धूसर दिसतात, लघवी अडते, पाठांतर विसरतं. एकदम बंद तर कधीच करू नये, पीळ उसळतो. अंग सतत पिळू लागलं, ताप चढला, लघवी चहासारखी गडद झाली, तर तडक आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा.

औषधं पुरेनाशी झाली, की मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात इलेक्ट्रोड बसवून सौम्य विद्युतप्रवाह देतात. डीवायटी-१मध्ये याचा गुण चांगला येतो, पण सावकाश, काही आठवड्यांपासून महिन्यांत. ही शस्त्रक्रिया सांधे कायमचे आखडण्याआधी व्हायला हवी. एकदा जखडलेला घोटा त्या विद्युतप्रवाहाने मोकळा होत नाही.