उद्या मेंटेनर नसेल तर रिलीज कोण काढणार?

(दृश्य – नाशिक, कॉलेज रोड. टेबलावर चार-पाच लॅपटॉप, एकाच्या पडद्यावर प्रकल्पाचा रेपो, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांच्या इतिहासाचा साठा.)

मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, नसला तरी रिलीज (नवी आवृत्ती) निघेल का, हे पाहणारी ओपन सोर्स (खुल्या कोडच्या) प्रकल्पाची वार्षिक तपासणी नाशिकच्या गटाने जानेवारीतच उरकावी. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स मोहिमेच्या निमित्ताने आलेल्या पुल रिक्वेस्टचा (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा) धुरळा तोवर बसलेला असतो आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली अजून गावातच असतात. जूननंतर त्यातली बरीच मंडळी पुण्याला, बंगळुरूला नोकरीवर रुजू होतात. कंपनीच्या करारात बाहेर कोड देण्यावर बंधन असेल, तर त्यांचा हात तिथेच थांबतो. कोणाकडून काय ताब्यात घ्यायचं, हे ती समोर असतानाच ठरवायला हवं.

आधी माणसं मोजायची. रेपोची पूर्ण प्रत उतरवून घ्या. फक्त शेवटच्या कमिटपुरती (नोंदवलेल्या बदलापुरती) उथळ प्रत घेतली तर इतिहासच येत नाही आणि सगळं काम एकाच नावावर दिसतं. मग बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची ‘गिट शॉर्टलॉग’ ही आज्ञा एक वर्षापूर्वीची तारीख देऊन चालवा, मर्जचे (दोन शाखा जोडणारे) कमिट वगळून.

(दृश्य – नावांची यादी, प्रत्येक नावाआधी आकडा.)

ही यादी तशीच्या तशी खरी मानू नका. एकाच व्यक्तीने कॉलेजच्या आणि घरच्या अशा दोन ईमेलवरून कमिट केले असतील, तर ती दोनदा येते. ‘मेलमॅप’ फाईलमध्ये दोन्ही पत्ते जोडून द्यायचे. बॉटची, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमची, नावं काढून टाकायची. उरलेल्यांत समजा ४०० कमिट आहेत आणि पहिल्या नावावर २६०. लिनक्स फाउंडेशनच्या केऑस प्रकल्पात यासाठी एक माप आहे: किमान किती जण गेले तर निम्मं काम थांबेल? इथे उत्तर आहे, एक.

पण दोन आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. एक्सझेड युटिल्स या फाईल आवळून लहान करणाऱ्या साधनाचं उदाहरण प्रत्येक गटाने नीट समजून घ्यावं. २०२२ मध्ये या प्रकल्पाचा भार लासे कोलिन जवळपास एकटा वाहत होता, थकला होता, आणि त्याने तसं उघड लिहिलंही होतं. काम दुसऱ्या कोणाला तरी द्या, असा तगादा त्याच्यामागे लागला होता. ‘जिया टॅन’ या नावाने पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवणाऱ्याला हळूहळू मर्जचे आणि रिलीजचे अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने तो जाहीर केला. नुसते कमिट मोजणाऱ्याला या प्रकल्पात एकाचे दोन झालेले दिसले असते, म्हणजे कागदावर तब्येत सुधारलेली! म्हणून आकड्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: प्रत्येकाचा कोड कोण तपासतं, आणि मेंटेनर थकलाय का. दुसरा प्रश्न तोंडी विचारायचा. चहा घेत, सवडीने.

आता पहिलं उत्तर. नवख्याने इश्यू (चुकीची किंवा अडचणीची नोंद) टाकल्यापासून माणसाकडून पहिलं उत्तर मिळेपर्यंत किती वेळ गेला, ते पाहायचं. बॉटचं ‘धन्यवाद’ धरायचं नाही. सरासरी काढू नका, मध्यक काढा. नऊ जणांना एका दिवसात उत्तर मिळालं आणि दहाव्याला ३०० दिवसांनी, तर सरासरी जवळपास ३१ दिवस येते आणि मध्यक एक दिवस. मात्र तो दहावा इश्यू उघडून वाचाच. बहुतेकदा तो अशा भागाबद्दल असतो, जो आता गटातल्या कोणालाच नीट येत नाही.

जुने इश्यू बॉट लावून सरसकट बंद करण्याचा मोह होतो. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी सगळ्या वेलींची एकदम होते. इश्यूंचं तसं चालत नाही. चूक अजून होते का, हे ताज्या आवृत्तीवर करून पाहा आणि मगच बंद करा.

(दृश्य – कोऱ्या लॅपटॉपवर रिलीजची पायरी-पायरीने रंगीत तालीम.)

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो या तालमीला. ज्याने आजवर रिलीज काढलेलं नाही, त्याला कोरा लॅपटॉप आणि फक्त लिहिलेल्या सूचना द्यायच्या. मेंटेनरने शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. बिल्डची (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणारी) स्क्रिप्ट अडते, कारण तिच्यात मेंटेनरच्या होम फोल्डरचा पत्ता आहे. रिलीजवर सही करायची डिजिटल किल्ली एकाच मशीनवर आहे, किंवा तिची मुदत संपलीय. डोमेनच्या नूतनीकरणाचा ओटीपी गाव सोडून गेलेल्याच्या मोबाइलवर जातो. जिथे अडलं तिथली ओळ तेव्हाच सूचनांत घालायची, नंतर लिहू म्हटलं की राहून जातं. शेवटी टारबॉल (रिलीजची बांधलेली गाठोडं-फाईल) उघडून तो टॅगशी, म्हणजे रेपोत त्या आवृत्तीची खूण केलेल्या कोडशी, फाईल-फाईल ताडून पाहायचा. एक्सझेडचा चोरदरवाजा चालू करणारी ओळ रेपोत नव्हतीच, फक्त टारबॉलमधल्या एका एम४ (बिल्डला लागणाऱ्या) फाईलमध्ये होती.

प्रकल्प मराठीचा असेल तर आणखी एक चाचणी घ्या. ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करून शोधून पाहा. आजच्या मजकुरात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतं, तर जुन्या काही मजकुरात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एक सापडतो आणि दुसरा नाही. भाषांतराची टक्केवारीही पाहा. कोणी काहीच बिघडवलं नाही तरी मूळ प्रोग्रॅममध्ये नवी वाक्यं येतात आणि ती घसरत राहते.

हे सगळं तारीख घालून रेपोतच एका फाईलमध्ये ठेवा. प्रत्येक किल्लीपुढे, म्हणजे डोमेन, सही, सर्व्हर, भाषांतराचं व्यासपीठ या सगळ्यांपुढे, दोन नावं हवीत. पासवर्ड मात्र तिथे लिहायचे नाहीत. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दोन महिन्यांत इथल्या माणसांवर अवलंबून असलेलं रिलीज ठेवू नका. ते जुलैतच काढा.