अपडेट आलंय, पण कुणाकडून?

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय मोबाइलचा आहे. तुमच्यापैकी जे हा कार्यक्रम मोबाइलवरच ऐकत असतील, त्यांनी फोन हातात घेतला तरी चालेल. मी सांगत जातो, तुम्ही करून बघा. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण बोट कुठं ठेवायचं ते नक्की सांगता येतं.

फोनच्या वरच्या पट्टीत एक ओळ येते, 'सिस्टम अपडेट उपलब्ध आहे'. कधी इंग्रजीत, कधी मराठीत, तर कधी अशा मराठीत की वाचून हसू यावं. ही ओळ दिसली की घरात दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, आलंय ना, दाबून टाका. आजोबा म्हणतात, हे सगळे फसवायचे धंदे, हात लावायचा नाही. माझं मत विचाराल तर आजोबांचा हट्टही काही कमी महागात पडत नाही. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची एक खोट सापडली. तुमचा नंबर ठाऊक असणारा माणूस नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरू शकेल, इतकी ती गंभीर होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलनं दर महिन्याला सुरक्षेची डागडुजी द्यायला सुरुवात केली. म्हणजे खरं अपडेट ही आपल्या गरजेची गोष्ट आहे. नेमकी म्हणूनच तिची नक्कल होते.

मग ओळखायचं कसं? लोक आधी मजकूर बघतात. लोगो बरोबर आहे का, शुद्धलेखन धड आहे का. हे करूच नका असं नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. लोगो कुणीही उचलतो आणि शुद्धलेखन आता भामट्यांचंही सुधारलंय. सोपा उपाय असा की त्या नोटिफिकेशनला उत्तरच द्यायचं नाही. ते तसंच राहू द्यायचं आणि आपण आपल्या पायानं सेटिंग्जमध्ये जायचं. सॅमसंगच्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडून खाली सरकत गेलात की 'सॉफ्टवेअर अपडेट' सापडेल. पिक्सेलमध्ये आधी 'सिस्टम', मग त्याच्या आत 'सॉफ्टवेअर अपडेट'. रेडमीमध्ये 'अबाऊट फोन'. आयफोनमध्ये 'जनरल', मग 'सॉफ्टवेअर अपडेट'. नाहीच सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'अपडेट' एवढंच टाइप करा. खरं अपडेट आलेलं असेल तर ते तिथं असणारच. नोटिफिकेशन तुम्ही पुसून टाकलंत तरी ते कुठं जात नाही. आणि तिथं 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं लिहिलेलं असेल, तर वरची ओळ काहीही सांगो, ती सोडून द्या.

तिथंच जवळपास, बहुतेक फोनमध्ये 'अँड्रॉइड आवृत्ती'च्या पानावर, एक तारीख असते. तिला सिक्युरिटी पॅच लेव्हल म्हणतात. शेवटची डागडुजी कधीची, ते त्या तारखेवरून कळतं. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर कंपनीनं तुमच्या मॉडेलचा नाद सोडला आहे असं समजायला हरकत नाही. अशा फोनवर 'नवं अँड्रॉइड आलं, लगेच घ्या' असा निरोप आला तर दुप्पट सावध व्हा. जुन्या फोनवाल्याची नव्याची हौस भामट्यांना चांगली ठाऊक असते.

आता बोटाचं काम. पट्टी खाली ओढा आणि त्या नोटिफिकेशनवर बोट नुसतं टेकवून धरून ठेवा. टिचकी मारायची नाही, धरून ठेवायचं. क्षणभरात ते कुठल्या ॲपनं पाठवलंय त्याचं नाव दिसेल. तिथं 'क्रोम' आणि सोबत कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता दिसला, तर कोडं सुटलं. फोनच्या यंत्रणेचा त्या ओळीशी काडीचा संबंध नाही, एक वेबसाइट तुम्हाला हाका मारतेय. ती आत शिरली कशी? क्रिकेटचा स्कोअर, फुकटचा सिनेमा, नोकरभरतीचा निकाल असं काहीतरी शोधताना एक चौकट आली असेल, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा'. ते बटण नोटिफिकेशन पाठवायची परवानगी देण्याचं होतं. तेव्हापासून ती साइट कधी 'व्हायरस सापडले' म्हणते, कधी 'बॅटरी खराब झाली', कधी 'अपडेट करा'. तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे की नाही हे तपासण्याची सोय वेबपानाला नसते. ते मनातलं सांगतं. बोट धरून ठेवल्यावर जी यादी उघडते, तिथूनच त्या साइटची परवानगी बंद करून टाका. बऱ्याच घरांतला त्रास एवढ्यावरच मिटतो.

सगळ्यांचा मात्र मिटत नाही. मार्च २०२१ मध्ये झिम्पेरियम या सुरक्षा कंपनीनं एक ॲप उघडकीला आणलं. त्याचं नावच 'सिस्टम अपडेट'. ते प्ले स्टोअरवर कधीच नव्हतं, बाहेरून घेतलं जायचं. एकदा बसलं की संदेश, संपर्क, फोटो चोरायचं, फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करायचं, आणि आपलं काम चाललेलं असताना वर 'अपडेट शोधत आहे' असं नोटिफिकेशन दाखवायचं. अशा ओळीवर बोट धरलंत तरी नाव 'सिस्टम अपडेट' असंच दिसणार. तेव्हा एक पाऊल पुढं जा. त्या ॲपची माहिती उघडा आणि 'अनइन्स्टॉल'चं बटण आहे का बघा. फोनबरोबर कंपनीनं बसवून दिलेला अपडेटर असा उपटून टाकता येत नाही. तुमचा 'सिस्टम अपडेट' खुशाल अनइन्स्टॉल होत असेल, तर तो घरचा नाही.

या चोरांचं वाहन बहुधा एकच असतं, एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल. खरं सिस्टम अपडेट कधी व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून येत नाही, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये दिसत नाही आणि 'अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करण्याची परवानगी द्या' असं म्हणत नाही. ते चार्जिंग मागतं, वाय-फाय मागतं, फोन बंद करून पुन्हा चालू करायला सांगतं. ओटीपी, आधार क्रमांक, कार्डाचे आकडे हे त्याच्या खिजगणतीतही नसतं. आपल्याकडं वाहनाच्या चलानाचा, लग्नपत्रिकेचा, बँकेच्या केवायसीचा एपीके पाठवून लुटल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. 'अपडेट'चा एपीके त्यांच्याच पंगतीतला. जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांना 'गुलाबी व्हॉट्सॲप'बद्दल इशारा द्यावा लागला होता. नवा रंग, नव्या सोयी, लिंक दाबा आणि अपडेट करा, असा तो निरोप होता. गंमत अशी की तो बहुतेकांना ओळखीच्याच माणसाकडून आला. ओळखीच्या माणसाला ठाऊकही नव्हतं की त्याच्या नावानं काय फिरतंय.

भीतीचा तर किती कल्पक वापर होतो बघा. 'फ्लूबॉट' नावाचा एक चोरटा प्रोग्राम २०२१ मध्ये युरोपात 'तुमचं पार्सल आलंय' अशा एसएमएसमधून पसरत होता. त्याचा बोभाटा झाला, लोक सावध झाले. मग तो पसरवणाऱ्या टोळीचंच एक पान न्यूझीलंडमध्ये दिसू लागलं. त्यावर लिहिलेलं, 'तुमच्या फोनला फ्लूबॉटची लागण झाली आहे, हे सुरक्षा अपडेट बसवा'. ते अपडेट म्हणजेच फ्लूबॉट! अखेर ११ देशांच्या पोलिसांनी मिळून ती यंत्रणा मोडून काढली, आणि युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेनं जून २०२२ मध्ये ते जाहीर केलं.

प्ले स्टोअरवरून घेतलं म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. 'अपडेट्स फॉर सॅमसंग' नावाचं ॲप तिथंच होतं आणि एक कोटीहून जास्त वेळा उतरवलं गेलं होतं. सॅमसंगशी त्याचा संबंध नव्हता. जे अपडेट सॅमसंग फुकट देते, ते वेगानं उतरवून देण्यासाठी हे वर्षाला ३४.९९ डॉलर मागायचं. २०१९ मध्ये एका सुरक्षा संशोधकानं ते उजेडात आणलं. सिस्टम अपडेटसाठी वेगळं ॲप लागतच नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता, ज्यांनी आधीच बटण दाबलंय त्यांच्यासाठी. नुसतं पान उघडलं आणि बंद केलं असेल तर बहुधा काही झालेलं नाही. फाइल उतरली पण बसवली नसेल तर ती पुसून टाका. बसवली असेल, आणि त्यातही 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी दिली असेल, तर घाई करायला हवी. ही सोय मुळात दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवण्यासारख्या कामांसाठी आहे. चोराच्या हाती गेली की तो तुमचा पडदा वाचतो आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबतो. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी मिळत नाही. म्हणून मग फोनवर एखादा गोडबोल्या 'सर, आता इथं दाबा, आता तिथं दाबा' असं शिकवत बसतो. असं कुणी शिकवायला लागलं की फोन ठेवून द्या.

पहिल्यांदा इंटरनेट तोडा, डेटा आणि वाय-फाय दोन्ही. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा क्रमांक लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरून. त्यानंतर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेली ॲप्स बंद ठेवून, चालू करा आणि ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन', म्हणजे फोनवर खास अधिकार मिळालेल्या ॲप्सची यादी, शोधा, त्याच्या नावापुढची खूण काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही हटत नसेल तर फोटो आणि नंबर दुसरीकडं उतरवून घ्या आणि फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पुसून कोरा करा. रीसेटनंतर पहिलं काम, सेटिंग्जमध्ये जाऊन खरं अपडेट आलंय का ते बघायचं.

नमस्कार.