रोस्किल्डच्या धक्क्यावर एक मुक्काम

(दृश्य: फ्योर्डकाठचा लाकडी धक्का. कठड्याला टेकून उभ्या सायकली, पिशव्या उतरवलेल्या.)

आज सायकल चालवायची नाही. कोपनहेगनच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, रोस्किल्डला मुक्काम आहे. मांड्या भरून आल्यात. वर टेकडीवर दिसतात ती विटांच्या कॅथेड्रलची जोडशिखरं. डेन्मार्कचे राजे आणि राण्या तिथं चिरनिद्रा घेतायत. आम्ही मात्र खाली उतरलो, पाण्याकडे. हा फ्योर्ड, म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. तिच्या काठावर व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय आहे.

(दृश्य: काचेची भिंत, मागे फ्योर्ड. लोखंडी सांगाड्यावर काळ्या पडलेल्या फळ्या.)

ही पाच व्हायकिंग जहाजं. १०७० च्या सुमारास इथल्याच लोकांनी ती दगडांनी भरून मुद्दाम बुडवली. शत्रू समुद्रातून रोस्किल्डवर चालून येऊ नये, म्हणून उत्तरेला स्कुल्डेलेव्ह गावासमोरची जलवाट अडवली. पाण्याखालचा अडथळा कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. तिथं डेन्मार्कच्या जुन्या मार्गरेट राणीचं जहाज आहे, असं ते सांगत. १९६२ मध्ये त्याभोवती पोलादी पत्र्यांचा बांध घातला, पाणी उपसलं आणि हजारो तुकडे बाहेर काढले. लाकूड वाळलं की आक्रसून तडकणार, म्हणून त्यावर सतत पाण्याचे फवारे सुरू ठेवले. आधी वाटलं, जहाजं सहा आहेत. मग कळलं, दुसरं आणि चौथं एकच! म्हणून इथल्या क्रमांकांत चार नाही.

ते दुसरं जहाज म्हणजे जवळपास ३० मीटर लांबीची युद्धनौका. लाकडातली वर्षवलयं मोजल्यावर तिचं गाव सापडलं. १०४२ च्या सुमारास, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या ओकपासून ती बांधलेली.

(दृश्य: बाहेरचं जहाजबांधणीचं आवार. ओकचा ओंडका, पाचरी. कुऱ्हाड धरलेले हात, अगदी जवळून.)

इथं आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. बघा, करवत कुठेच नाही. ओंडक्यात पाचरी ठोकायच्या, तो मधोमध फाडायचा. मग अर्ध्याचे अर्धे, पुन्हा अर्धे. कलिंगडाच्या फोडी करतात तसे. करवत लाकडाचे रेषे आडवे कापते. पाचर रेष्यांच्याच वाटेनं जाते. म्हणून फळी पातळ असली तरी लाटेवर लवते, मोडत नाही. मग कुऱ्हाडीनं तासायचं. एका फळीची कड दुसरीवर चढवायची, मधे डांबरात भिजवलेली लोकर, वरून लोखंडी रिवेट.

हे सगळं पुस्तकात सापडलं नाही. जुन्या फळ्यांवर कुऱ्हाडीच्या खुणा होत्या. त्या वाचत वाचत, चुकत, हे हात पुन्हा शिकले. त्याच युद्धनौकेची प्रतिकृती इथं बांधली, २००४ मध्ये पाण्यात सोडली आणि २००७ मध्ये ती उत्तर समुद्र ओलांडून डब्लिनला गेली. आपल्या मालवणात लाकडी होडीच्या जागी फायबरची आली. तिथले जुने सुतार आहेत तोवर त्यांच्या शेजारी कुणीतरी असंच बसायला हवं.

(दृश्य: धक्क्याला आपटणारं पाणी.)

डिसेंबर २०१३ च्या वादळात फ्योर्डचं पाणी थेट संग्रहालयाच्या काचांपर्यंत चढलं होतं.

(दृश्य: नाव धक्का सोडते. बाकांवर आम्ही, हातात वल्ही.)

इथं पाहुण्यांनीच वल्हवायचं. सगळ्यांची वल्ही एकदम पाण्यात पडायला बराच वेळ लागला.

(दृश्य: दोर ओढणारे हात. शीड वर चढतं.)

वारा मिळाला. वल्ही आत घेतली.