आधी थांबे, मग रस्ता

(मोटरसायकलस्वारांच्या वार्षिक मेळाव्याची तयारी करणाऱ्या स्वयंसेवकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आंबेनळी घाट उतरताना एका वळणावर दरीकडची जागा जरा रुंद होती. समोर जावळीचं खोरं, ढग खाली आणि आम्ही वर. महिनाभर आधी घरी बसून नकाशावर मीच तिथे लाल फुली मारली होती, ‘फोटो, 15 मिनिटं’. आमच्या गाड्या 42. पहिल्या दहा नीट लागल्या. पुढच्या दहा त्यांना खेटून लागल्या. उरलेल्या 22 वळणातच उभ्या राहिल्या, जाणार तरी कुठे? आणि तेवढ्यात खालून पोलादपूरकडची एसटी आली.

एसटीला तसलं वळण घ्यायचं तर अख्खा रस्ता लागतो. ड्रायव्हरने हॉर्नही वाजवला नाही. गाडी थांबवली, कंडक्टरला मागच्या चाकाला दगड लावायला सांगितला, खाली उतरून आले आणि म्हणाले, “पुढारी कोण तुमच्यात?” मी हात वर केला. “साहेब, देखावा बघा की, कोण नाही म्हणतंय? पण आमच्या वळणात बसून नका बघू.” त्या 22 गाड्या चढावर ढकलत मोकळ्या करायला पाऊण तास गेला. एसटीतली एक म्हातारी तेवढा वेळ खिडकीतून आमच्याकडे बघत होती. तिची नजर मला अजून आठवते.

तर मंडळी, आज तुम्ही मला मार्ग आखण्यावर बोलायला बोलावलंय आणि मी बोलणार आहे थांब्यांवर. एकटा माणूस निघाला तर आधी रस्ता ठरवतो, मग वाटेत जिथे बरं वाटेल तिथे थांबतो. चाळीस जणांना ते जमत नाही. सह्याद्रीत जिथे नजर ठरत नाही, तिथे गाडी लावायला जागा नसते. घाटरस्ता मुळात कड्यातून कोरून काढलेला असतो. म्हणून आधी चाळीस गाड्या जिथे रस्त्याबाहेर उभ्या राहतील अशा जागा शोधायच्या आणि मग त्या जागा रस्त्याने जोडायच्या. देखावा चालता चालता बघायचा, थांबायचं मात्र सपाटीवर.

आता वाईचंच उदाहरण घेऊ, कारण मुक्काम तिथे ठेवायचा विचार आहे आणि ते वर्तुळ माझ्या पायाखालचं आहे. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, तिथून महाबळेश्वर, आंबेनळीने खाली पोलादपूर, हायवेने महाड, वरंधा घाटाने परत वर, भोर, आणि मांढरदेवीवरून वाई. दोनशेच्या आसपास किलोमीटर. घाटच घाट. कागदावर कोणीही म्हणेल पाच-सहा तास. एकट्याला तेवढे पुरतातही. चाळीस गाड्यांना नऊ-दहा धरा आणि कमी लागले तर देवाची कृपा समजा.

हे तास जातात कुठे? पेट्रोलपंपावर बघा. एका गाडीला झाकण उघडून, भरून, पैसे देऊन दीड मिनिट लागतं. 40 गाड्या आणि दोन नळ्या म्हणजे अर्धा तास गेला. आम्ही आता एक करतो, सगळ्यांचे पैसे खजिनदार एकदम देतो, नंतर हिशेब. त्याने दहाएक मिनिटं तरी वाचतात. (खजिनदार मात्र सहसा दुसऱ्या वर्षी तयार होत नाही.) महाडात टाकी भरून घ्यायचीच. वरंधा चढताना पेट्रोल मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

दुसरा हिशेब रांगेचा. ताशी 36 किलोमीटरने गाडी सेकंदाला 10 मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हटलं तर 20 मीटर झाले. 40 गाड्यांची रांग 800 मीटरची. आंबेनळीत 800 मीटरमध्ये तीन-चार वळणं सहज येतात, म्हणजे लीड (सगळ्यात पुढचा, वाट दाखवणारा स्वार) खाली पोचलेला असतो तेव्हा स्वीप (सगळ्यात मागचा, कोणी सुटू नये म्हणून ठेवलेला) वरच्या रस्त्याने उलट्या दिशेला चाललेला दिसतो. त्यात मागून येणाऱ्या कारवाल्याने ओलांडायचं कसं? तो बिचारा दोन गाड्यांच्या मध्ये घुसतो, वळणावर घुसतो, आणि मग आपले लोक त्याला शिव्या देतात. चूक आपली आहे. आठ-आठच्या तुकड्या करा, तुकडी सोडताना मध्ये दहा मिनिटं ठेवा. पहिली आणि शेवटची तुकडी यांत चाळीस मिनिटांचा फरक पडतो, पडू द्या. वरंध्यात वाघजाईच्या देवळापाशी भजी-चहाच्या टपऱ्या आहेत, तिथे चाळीस जण एकदम टपकले तर मालकाचा घाणाही पुरत नाही आणि जागाही. आठ आले, खाल्लं, निघाले की पुढचे आठ. भजी गरम मिळते हा त्यातला फायदा. तिथली माकडं मात्र तुकड्या-बिकड्या मानत नाहीत. हेल्मेट आरशाला अडकवून त्यात केळी ठेवणारा एक तरी निघतोच.

तुकड्या केल्या की चुकामूक होणार, ही भीती रास्त आहे. घाटात फोनला रेंज नसते, ‘कुठे आहेस’ म्हणून विचारायची सोय नाही. त्यावर जुना उपाय आहे. फाटा आला की लीड हाताने खूण करतो आणि त्याच्या मागचा स्वार तिथे, वळण सोडून, सगळ्यांना दिसेल असा उभा राहतो. बाकीचे त्याला बघून वळतात. स्वीप दिसला की तो निघतो आणि स्वीपच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर आता लीडच्या मागे आलेला नवा माणूस. आम्ही याला ‘नाका धरणं’ म्हणतो. यात कोणालाही रस्ता पाठ नसला तरी चालतं. एकच अट, नाका धरलेल्याने स्वीप दिसेपर्यंत हलायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. या वर्तुळात नाका धरायच्या जागा आहेत महाबळेश्वरच्या बाजारात, प्रतापगडाच्या फाट्यावर, पोलादपूरला हायवे लागतो तिथे, महाडला हायवे सोडतो तिथे आणि भोरच्या चौकात. प्रतापगडाचा फाटा विसरू नका. तिथे उतरणीच्या ओघात तीनजण सरळ गडावर जाऊन पोचले होते एकदा, आणि तिथे पिठलं-भाकरी खात बसले होते.

आता दिशा. वर्तुळ उलटंही करता येतं, आधी मांढरदेवी, भोर, वरंधा आणि संध्याकाळी आंबेनळी चढून महाबळेश्वर. उन्हाच्या दृष्टीने दोन्ही सारखे. सकाळी कोकणात उतरताना सूर्य पाठीशी, दुपारनंतर देशावर चढताना पुन्हा पाठीशी. डोळ्यांवर ऊन येत नाही, हे या वर्तुळाचं भाग्य. पण शनिवारी संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीचा रस्ता म्हणजे गाड्यांची मुंगीरांग. सकाळी साडेसहाला तोच रस्ता रिकामा असतो. पसरणी घाट उजाडताना चढायचा, खाली वाई आणि धोम धरणाचं पाणी दिसतं, हवा गार. (पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, हे पुण्यामुंबईच्या पोरांना माहीत नसतं, सांगत जा.) म्हणून दिशा ही, उलटी नाही.

महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर. तिथून चाळीस किलोमीटरमध्ये तुम्ही जवळपास समुद्रसपाटीला येता. वरती जॅकेटात कुडकुडत होता, पोलादपुरात अकरा वाजता त्याच जॅकेटात शिजता. जेवण महाडला ठेवू नका, लोक सुस्तावतात आणि मग वरंधा चढायचा असतो. पोलादपूरला ताक-सरबत, जॅकेटच्या चेन उघड्या, आणि जेवण वर, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठी हिर्डोशी गावाच्या बाजूला. तिथे रस्त्यालगत सपाटी आहे, चाळीस गाड्या लागतात. मी सुरुवात केली होती तीच गोष्ट, जागा आहे म्हणून जेवण तिथे.

उतरणीबद्दल थोडं. आंबेनळीच्या पायथ्याशी नवे स्वार पोचतात तेव्हा एक जळका वास येतो. ब्रेकचा. सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलेले असतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन धरून ठेवतं. गिअर नसलेल्या स्कूटरना ही सोय फारशी नाही, त्यांना निम्म्या घाटात दहा मिनिटं थांबवा आणि ब्रेक निवू द्या. चढणीवर वेगळं दुखणं आहे. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावीकडचं हेअरपिन वळण आपल्याला आतून घ्यावं लागतं, आणि वळणाचा आतला कोपरा हा सगळ्यात उभा असतो. मागे बायको, दोन बॅगा, दुसरा गिअर, आणि बरोबर त्या कोपऱ्यात इंजिन बंद पडतं. वळणाच्या आधी पहिला गिअर, समोर रस्ता मोकळा असेल तर जरा बाहेरून, आणि पुढची गाडी वळण पार करेपर्यंत आपण शिरायचं नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे. एसटी असेल तर उतरताना वळणाच्या अलीकडेच थांबा.

तारखेवरून दरवर्षी भांडण होतं. पोरांना पाऊस पाहिजे. हिरवंगार, धबधबे, फोटो. मी जुलै-ऑगस्टला हात लावत नाही. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला, आंबेनळीत दरडी आल्या, रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं. वरंधा तर अलीकडे पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदच ठेवतात. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा मला बरा वाटतो. गवत अजून हिरवं-पिवळं, रस्ता सुकलेला, ओढ्यांना पाणी. दिवाळीची सुट्टी तेवढी टाळा. नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्हीकडे बाहेर आलेला. वाईच्या सपाटीवर अंधार पडल्यावर घाटापेक्षा मला त्यांची भीती जास्त. जानेवारीत तारीख धरलीत तर पौष पौर्णिमा कधी आहे ते आधी पंचांगात बघा. मांढरदेवीची यात्रा असते आणि तो रस्ता तेव्हा भाविकांचा असतो.

आणि पाहणी. मेळाव्याच्या आधी एक-दोन आठवडे, त्याच वारी, त्याच वेळेला, तोच रस्ता फिरून यायचं. मंगळवारी दुपारी केलेली पाहणी शनिवारी सकाळी कामाची नसते. बरोबर तुमच्यातला सगळ्यात हळू चालवणारा घ्या, मागे कोणाला तरी बसवून. त्याला जितका वेळ लागेल तितका वेळ वहीत लिहा. तुमचा वेळ लिहू नका, तो कोणालाच नकोय. प्रत्येक थांब्यावर पावलं मोजा; गाडी रस्त्याला काटकोनात लावली तर एक पाऊल पुरतं, तिरकी लावली तर दोन. हसू नका. मोजत होतो म्हणून तर कळलं की भोरजवळच्या एका ‘मोठ्या’ मोकळ्या जागेत 19 गाड्याच मावतात.

प्रश्न आलाय की यात कास का नाही. कास पठाराला फुलांच्या दिवसात माणसं मोजून सोडतात. आठ जणांनी जरूर जावं. चाळीस इंजिनांना तिथे काम नाही.

माझी वही इथे टेबलावर ठेवतो. मागच्या पानावर या शनिवारच्या पाहणीला येणाऱ्यांची नावं लिहायची आहेत. पहाटे साडेपाच, वाईचा स्टँड. सगळ्यात हळू चालवणारा अजून सापडलेला नाही. कोणी कबूल व्हायला तयार नाही.