राक्षस किती घरांचा?

(पडद्यावर तळघराचा नकाशा. दगडी फरशी, चार खांब, आणि एका खांबाला खेटून हिरवट कातडीचा राक्षस.)

हा राक्षस नेमका कुठे उभा आहे? डावा खांदा भिंतीत घुसलाय. उजवा पाय शेजारच्या घरात गेलाय, पण अर्धाच. जादूगार खेळणारा म्हणतो, माझ्या आगीच्या गोळ्यात तो सापडलाच पाहिजे. खेळ चालवणारी गेम मास्टर म्हणते, तो काठावर आहे, सुटला. दहा मिनिटं झाली, आग अजून हवेतच आहे.

पाच जण, पाच वेगवेगळ्या जागी बसलेले. समोर एकच पट, व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा खेळाचा पट. नकाशा, त्यावर ग्रिडच्या रेघा आणि त्या रेघांवर सरकणारी टोकन, म्हणजे आपल्या ओळखीच्या सोंगट्याच. वाद ऐकायला नियमांचा वाटतो. खरा वाद मापाचा आहे.

(जुन्या कोरीव चित्रासारखं दृश्य: मेजावर पसरलेला पट.)

सोंगटीनं किती जागा घ्यायची, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा. १७८० साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे गणितज्ञ हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट ताणून युद्धाचा खेळ केला. ४९ गुणिले ३३, एकूण १,६१७ घरं. तिथं सगळा हिशेब घरांचाच. पुढं १८२४ मध्ये प्रशियाचे अधिकारी राइसवित्झ यांनी घरं पुसूनच टाकली. खराखुरा नकाशा, १ ला ८,००० या प्रमाणात, आणि त्यावर शिशाचे लाल-निळे ठोकळे. ठोकळाही त्याच प्रमाणात कापलेला. तुकडी मैदानावर जेवढी पसरते, तेवढीच ठोकळ्याची लांबी. सोंगटी कुठे संपते याबद्दल शंकेला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

१९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा योद्ध्यांचा, जादूगारांचा, पात्रं रंगवायचा खेळ आला तेव्हा अंतरं इंचांत मोजली जात. खेळ युद्धखेळांच्या घरातून आलेला, त्यामुळे मोजपट्टी सोबत आलीच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पाच फुटांचं चौकोनी घर पक्कं बसलं, मेजावर एक इंचाचं. गंमत म्हणजे त्या आवृत्तीत घोडा पाच बाय दहा फुटांचा होता. घोडा लांबट असतो, त्यामुळे कागदावर ते बरोबरच. पण घोड्यानं तोंड वळवलं की त्याची घरं बदलायची, आणि प्रत्येक वळणाला नवी कटकट. २००३ च्या सुधारित आवृत्तीत घोडा चौरस झाला, दहा बाय दहा. प्राणिशास्त्राच्या नावानं चांगभलं, पण खेळ सुटसुटीत झाला.

आज त्या खेळात माणूस एका घराचा. मोठा प्राणी दोन बाय दोन, त्याहून मोठा तीन बाय तीन, महाकाय चार बाय चार किंवा आणखी. आणि उंदराएवढा जीव अडीच फुटांचा, एका घरात असे चार मावतात.

(ग्रिडवर एकामागून एक टोकन येतात: एक घर, चार घरं, नऊ घरं.)

आता मध्यबिंदूंकडे बघा. एका घराच्या सोंगटीचा मध्य घराच्या पोटात येतो. नऊ घरांच्या सोंगटीचाही तसाच, मधल्या घराच्या पोटात. पण चार घरांच्या सोंगटीचा मध्य रेघा एकमेकींना छेदतात त्या फुलीवर पडतो. सम आणि विषम, एवढाच फरक. पण ज्या सॉफ्टवेअरला तो कळत नाही, ते प्रत्येक सोंगटीचा मध्य घराच्या मध्यावर नेऊन चिकटवतं आणि राक्षस सगळ्या बाजूंनी अर्ध्या घरानं सरकलेला दिसतो. यावर सोपी युक्ती म्हणजे मध्य सोडून द्यायचा आणि सोंगटीचा वरचा डावा कोपरा रेघेवर बसवायचा. कोपऱ्याला सम-विषम काही नसतं.

अर्ध्या घराची ही चूक चिवट असते. काही ठिकाणी बाणाची कळ दाबली की सोंगटी बरोबर एक घर सरकते. म्हणजे अर्ध्यानं चुकलेली सोंगटी अख्खा नकाशा चालून गेली, तरी शेवटी अर्ध्यानंच चुकलेली. एकदा उचलून तिला पुन्हा घरात बसवावंच लागतं.

कधीकधी दोष सोंगटीचा नसतोच. नकाशाच्या चित्रात रेघा आधीच छापलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर त्यावर स्वतःच्या रेघा ओढतं. दोन्ही जुळल्या नाहीत तर सोंगटी बिचारी एका ग्रिडमध्ये बरोबर आणि दुसऱ्यात चूक!

(जवळून दृश्य: काळ्या रेघेशेजारी निळी रेघ. उजवीकडे जाता जाता त्यांच्यातलं अंतर वाढत जातं.)

समजा चित्र २,००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात ३० घरं आहेत. एक घर भरलं ६६.६६ पिक्सेलचं. तुम्ही ६७ चा आकडा टाकलात. पहिल्या घरात फरक दिसतच नाही, एका पिक्सेलचा तिसरा हिस्सा तो. दहाव्या घराशी साधारण तीन पिक्सेल, तिसाव्याशी दहा. म्हणून डाव्या कोपऱ्यात सगळं छान दिसलं की लोक खूश होऊन उठतात आणि लढाई मात्र उजव्या खोलीत होते.

मला इथं रेघांशी झगडत बसण्यापेक्षा चित्राचंच माप बदललेलं बरं वाटतं. रोल२० आणि फाउंड्री ही अशा पडद्यावरच्या पटांची दोन सॉफ्टवेअर. रोल२० मध्ये एक घर मुळात ७० पिक्सेलचं असतं. ३० घरं म्हणजे २,१०० पिक्सेल. चित्र तेवढं रुंद करा, उंचीचाही असाच गुणाकार करा, झालं. फाउंड्रीत मुळातलं घर १०० पिक्सेलचं, तिथं तेच चित्र ३,००० वर न्यायचं. चित्रातल्या घरांची संख्या माहीत नसेल तर मोजा, पण एकच घर मोजू नका. सलग दहा घरं मोजून दहानं भागा. मोजताना तीन पिक्सेलची चूक झाली, तरी एका घराच्या वाट्याला ०.३ च येते. नकाशाभोवती कोरी किनार असेल तर ग्रिड तेवढं सरकवावं लागतं. पण ते सगळ्यात शेवटी, आधी घराचं माप.

कागदावरून स्कॅन केलेले नकाशे हा वेगळाच छळ. पान एका अंशानं तिरकं बसलं तरी तीस घरांनंतर रेघ अर्धं घर वर किंवा खाली गेलेली असते. तिथं माप कितीही बदला, उपयोग नाही. आधी चित्र सरळ करा.

(टोकनचं चित्र मोठं होतं. आकृतीभोवती रिकामी, पारदर्शक जागा.)

आता मुख्य गोष्ट. सोंगटीला दोन मापं असतात: चित्राचं एक आणि जागेचं दुसरं. सारा घोळ या दोन मापांची अदलाबदल केल्यानं होतो.

हे चित्र ४०० पिक्सेलचं आहे, पण मधली आकृती फक्त २८० ची. उरलेली कड पारदर्शक. घरात बसवलं की योद्धा सत्तर टक्केच दिसतो, पोरसवदा. मग आपण कोपरा धरून त्याला ओढतो, दिसायला तो बरोबर होतो आणि गुपचूप १.४ घरांचा मालक बनतो. त्यापेक्षा चित्राची रिकामी कड कापून टाका. किंवा जिथं सोय आहे तिथं, जशी फाउंड्रीत आहे, चित्राचं प्रमाण वाढवा आणि घरांचा आकडा एकच राहू द्या. ड्रॅगनचे पंख घराबाहेर गेले तर खुशाल जाऊ द्या. पंख चौकटीत कोंबण्यासाठी ड्रॅगनची कोंबडी केलेली मला बघवत नाही.

जागेचं माप चुकलं की नजरही चुकते. बऱ्याच ठिकाणी सोंगटीला काय दिसतं ते तिच्या मध्यबिंदूवरून ठरतं. मध्य भिंतीच्या रेघेपलीकडे गेला, की बंद दाराआडची खोली खजिन्यासकट उघडी.

षट्कोनी घरांवर हा हिशेब पुन्हा बदलतो. तिथं घराची रुंदी आणि उंची सारखी नसते, १०० ला ८६.६ असं प्रमाण पडतं, आणि मोठा प्राणी सहसा एका बिंदूभोवतीच्या तीन घरांवर बसवतात. चौकोनी सवयीनं त्याला दोन बाय दोन करायला गेलात, तर तो कुठंच नीट बसत नाही.

(पुन्हा तळघर. गेम मास्टर राक्षसावर दोनदा क्लिक करते.)

मापाची खिडकी उघडली. घर ७० चं, म्हणजे राक्षस १४० चा हवा. आकडा निघाला ११८. दीड घराहून थोडा मोठा. मग उलगडा झाला. तळघराचं दार एकाच घराचं. राक्षसाला आत आणताना तिनं कोपरा धरून त्याला लहान केलं होतं आणि आत आल्यावर अंदाजानं पुन्हा मोठा. खरं तर नियमात त्याची सोय होती. मोठा प्राणी पाच फुटांच्या वाटेतून अंग चोरून जाऊ शकतो, पण तेव्हा चाल दुप्पट खर्ची पडते आणि लढणंही अवघड होतं. सोंगटीला हात लावायचं कारणच नव्हतं.

ती १४० लिहिते. राक्षस टुणकन चार घरांत बसतो. त्यातली दोन आगीच्या वर्तुळात आहेत.

जादूगार काही बोलत नाही. फासे उचलतो.