सभा पडद्यावर, मत हातात

मरीन लाइन्सचं बिर्ला मातुश्री सभागार. मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा इथे भरायच्या. भागधारकाच्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं की मागच्या रांगेतून कुणीतरी उठायचं, आणि व्यासपीठाला ते ऐकावंच लागायचं.

मे २०२० मध्ये, करोनाच्या काळात, केंद्र सरकारने ऑनलाइन सभेला परवानगी दिली. जुलैत रिलायन्सची सभा पडद्यावर झाली. परवानगीची मुदत मग वाढतच गेली. नांदेडच्या भागधारकाला घरबसल्या सभेत हजर राहता येऊ लागलं, ही फार मोठी सोय झाली. पण बोलायचं तर आधी नाव नोंदवा. माइक कंपनीच्या ताब्यात. वेळ बहुधा दोन-तीन मिनिटं. आपल्यासारखेच आणखी किती जण अस्वस्थ आहेत, ते दिसतच नाही. म्हणून सभागृह आणि पडदा, दोन्ही हवेत.

मताचा जोर मात्र पडद्यावरही टिकला. ऑगस्ट २०२१ मध्ये रॉयल एनफिल्ड बनवणाऱ्या आयशर मोटर्सच्या सभेत व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा आणि मानधनाचा विशेष ठराव पडला. मतं हवी होती ७५ टक्के, मिळाली सुमारे ७३. काही दिवसांतच संचालक मंडळाने मानधनावर मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या झी एंटरटेनमेंटमध्ये पुनीत गोएंका यांना पुन्हा संचालक नेमायचा ठराव होता. त्यांच्या प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या, कुटुंबाचा वाटा जेमतेम ४ टक्के. ठरावाला निम्मी मतंही पडली नाहीत.

अशा वेळी पारडं फिरवतात ते मुख्यतः म्युच्युअल फंड आणि परदेशी गुंतवणूकदार. पण त्या फंडांत पैसा कुणाचा असतो? आपलाच.

आणि एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ई-मतदान सभेच्या काही दिवस आधी सुरू होतं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. म्हणजे बहुतेक मतं अध्यक्षांनी तोंड उघडण्यापूर्वीच पडलेली असतात! ज्याने आधी मत दिलेलं नाही, त्याला सभा चालू असताना देता येतं. तेव्हा प्रश्न लेखी पाठवा, सभेला बसा, उत्तर ऐका, मग मत द्या.

निकाल दोन कामकाजी दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. त्यात प्रवर्तक, संस्था आणि इतर भागधारक यांची मतं वेगवेगळी दाखवलेली असतात. ‘इतर’ म्हणजे आपण. आपल्या किती शेअर्सवर मतच पडलं नाही, तेही तिथे कळतं.