मातीखालचं पीक

[दृश्य: सकाळची वेळ. पुण्यातली एक गच्ची. कठड्यालगत मातीच्या पिशव्या, एकीत मुळ्याचा तजेलदार पाला.]

टोमॅटो पिकला की लांबून दिसतो. मिरची लागली की शेजारी येऊन सांगतात. मुळा-गाजराचं तसं नाही. पेरल्यापासून उपटेपर्यंत खाली काय चाललंय, ते पाल्यावरूनच ओळखावं लागतं. म्हणून नवी माणसं या भाज्यांच्या वाटेला जात नाहीत. मला मात्र वाटतं, सुरुवात मुळ्यानेच करावी. बी टोकल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतात आणि दीड महिन्यात मुळा ताटात असतो. फक्त यातली खरी मेहनत बी पेरायच्या आधीच करावी लागते, मातीवर.

हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या वर्षी गाजराची रोपं ट्रेमध्ये केली, वांग्या-टोमॅटोची करतात तशी, आणि मग मोठ्या कुंडीत लावली. खाली ताजं शेणखत भरपूर घातलं होतं. तीन महिने पाला असा डोलत होता की बघत राहावं. उपटलं, तर एकेका गाजराला तीन-तीन पाय फुटलेले, बोटाएवढे.

[दृश्य: फाटे फुटलेलं गाजर, जवळून.]

गाजर म्हणजे त्या रोपाचं सोटमूळ. रोप उचलताना त्याचं टोक दुखावलं की ते सरळ जायचं थांबतं आणि बाजूने फाटे काढतं. वाटेत खडा आला, ढेकूळ आलं, न मुरलेलं खत आलं, तरी तेच होतं. म्हणून मुळा आणि गाजर यांचं बी जागच्या जागीच पेरायचं. रोप हलवायचं नाही.

[दृश्य: चाळणीतून माती गाळणारे हात.]

आपल्या देशावरची काळी माती ज्वारीला, कापसाला सोन्यासारखी. पिशवीत मात्र ती ओली असली की चिकटते, आणि सुकली की आवळून भेगाळते. त्यात मुळा उतरणार कसा? मी दोन भाग गाळलेली लाल माती, एक भाग जुनं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेते. कोकोपीटमुळे माती भुसभुशीत राहते आणि गच्चीवर भारही कमी पडतो. मग ओलसर मिश्रणाची मूठ वळायची आणि लाडवाला अंगठ्याने हलकेच दाबायचं. लाडू सहज फुटला तर माती तयार. नाही फुटला, तर अजून कोकोपीट.

खताचा हात इथे आखडताच ठेवायचा. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि खाली शेपटीएवढं मूळ राहतं. गच्चीवर माती घडवायची गोष्ट निघाली की मला श्री. अ. दाभोळकरांची आठवण येते. गणिताचा हा प्राध्यापक, पण ‘प्रयोग परिवारा’तून त्यांनी सामान्य माणसांना पालापाचोळ्याची माती करायला शिकवलं. माझ्या पिशव्यांच्या तळाशीही सोसायटीत झाडून गोळा केलेला पाचोळाच आहे, कुजून काळा झालेला.

[दृश्य: बियांचं पाकीट, तळहातावर तांबूस बी.]

मुळ्याच्या पाकिटावर ‘पुसा चेतकी’ असं जातीचं नाव लिहिलेलं दिसेल. पुसा हे बिहारमधलं गाव. १९०५ साली तिथे शेती संशोधनाची संस्था सुरू झाली, १९३४च्या भूकंपात इमारतीचं मोठं नुकसान झालं आणि संस्था दिल्लीला हलली. गावाचं नाव मात्र बियाण्यांना चिकटून राहिलं. ही जात उन्हाळा-पावसाळ्यातही येते, म्हणून नवख्यांना सोयीची. गाजर मात्र थंडीचंच. दसऱ्यानंतर पेरलेलं बरं.

पिशवी फूटभर खोल हवी, तळाला भोकं हवीत, आणि पाच-सहा तास ऊन. मुळ्याचं बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टोकायचं. गाजराचं बारीक असतं, ते कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडायचं आणि वर माती नुसती भुरभुरायची. उगवायला त्याला दहा-पंधरा दिवसही लागतात. तोवर वर ओलं गोणपाट, आणि रोज सकाळी ते उचलून पाहणं. पहिला कोंब दिसला की गोणपाट काढायचं.

[दृश्य: दाटीने उगवलेली रोपं, बारीक कात्री.]

आता विरळणी. हे काम जिवावर येतं. आपणच पेरलेलं, आपल्याच हाताने कापायचं. पण दोन मुळ्यांत चार बोटं जागा नसेल तर एकही पोसत नाही. उपटायचं नाही, शेजारच्याचं मूळ हलतं. बुडाशी कात्रीने कापायचं. बीटाला तर हे चुकतच नाही, कारण बीटाचं ते खडबडीत बी म्हणजे मुळात तीन-चार बियांचा पुंजका असतो. कापलेली कोवळी रोपं टाकू नका, कोशिंबिरीत घाला.

पुढे पाणी, थोडं पण नेमाने. चार दिवस विसरायचं आणि पाचव्या दिवशी धो-धो ओतायचं, असं केलं की मुळा उभा तडकतो. पानामागे मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. गाजराचं डोकं उघडं पडलं की उन्हाने हिरवं होतं, त्याला मातीची भर द्या.

[दृश्य: बेचाळिसावा दिवस. बोटांनी बाजूला सारलेली माती, पांढरा खांदा.]

आधी बुडाशी माती बाजूला करून बघायचं. मुळा अंगठ्यापेक्षा जाड झाला की वाट बघू नये, जून झाला की आतून पोकळ पडतो. पाणी घालायचं, थोडं मुरू द्यायचं, पाल्याच्या बुडाला धरायचं आणि सरळ वर.

[नैसर्गिक आवाज: माती सुटल्याचा. पाच सेकंद निवेदन नाही.]

पाल्याची आज पीठ पेरून भाजी. मुळा किसून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून, वर हिंग-मोहरीची फोडणी देऊन चटका.

कोपऱ्यातले दोन-तीन मुळे मी काढले नाहीत. त्यांना तुरे येतील, पांढरी-जांभळी फुलं येतील, मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतील. अर्ध्या कोवळ्या असताना भाजीला, आणि उरलेल्या झाडावरच वाळू द्यायच्या, पुढच्या बियाण्यासाठी.